मामांच्या मशीनमधला पक्षी

लग्न होऊन मी औंधजवळच्या या गावात आले, तेव्हा माझ्या सासऱ्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांची सगळी नोकरी फौजेत, तोफखान्यात झाली होती. कान तिकडंच ठेवून पेन्शन तेवढी घेऊन आले, असं सासूबाई म्हणायच्या. मी सासऱ्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. आमच्याकडं तशीच रीत आहे.

ऐकू न येणाऱ्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं, आणि सुनेनं सासऱ्यापुढं आवाज चढवायचा नसतो. या दोन गोष्टींच्या मध्ये आमचं बोलणं अडकलं, ते चांगली नऊ वर्षं. भांडण नव्हतं, राग नव्हता. "जेवायला!", "चहा!", "लाइट आली!" असं एकेका शब्दावर आमचं भागत होतं. लांबलचक वाक्य ओरडून बोलता येत नाही. निम्म्यात पोचेपर्यंत आपल्यालाच ते भांडण वाटायला लागतं.

आत्या मात्र त्यांना जुन्या वळणानं "आवं, ऐकलं का?" अशीच हाक मारायच्या. चारपाच वेळा मारून झाली, की स्वतःच म्हणायच्या, "न्हाई ऐकलं."

माझा नवरा पण फौजेत, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. मी शिलाईचं काम करते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझं मशीन आहे. खिडकीबाहेर लिंबोणीचं झाड आणि त्याच्या शेजारी ओटा. त्या ओट्यावर मामा पाठ ताठ ठेवून बसलेले असायचे. रोज दाढी केलेली, धोतराची घडी जागच्या जागी. नऊ वर्षं मी खिडकीच्या आत आणि ते बाहेर, मध्ये चार हातांचं अंतर. मी ब्लाऊज शिवत होते आणि ते रस्ता बघत होते.

दोनेक वर्षांपूर्वी उन्हाळ्यात नवरा सुट्टीवर आला आणि मामांना साताऱ्याला, माजी सैनिकांच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं तपासण्या झाल्या. डावा कान पूर्ण गेलेला, उजव्यात अजून थोडं काही शिल्लक होतं. महिन्याभरानं त्या उजव्या कानासाठी मशीन मिळालं, भुईमुगाच्या शेंगेएवढं.

पहिल्या दिवशी मामा घरभर फिरले. फ्रिजपाशी उभे राहिले. पंखा लावला, बंद केला, परत लावला. जेवताना घास थांबवून म्हणाले, "माझंच खाल्लेलं मला ऐकू येतंय." मग आत्या काहीतरी बोलल्या आणि ते त्यांच्याकडं बघतच राहिले.

"तुझा आवाज लय घोगरा झाला गं."

"तुमाला हाका मारून मारून," आत्या म्हणाल्या आणि ताटात भाकरी टाकून आत निघून गेल्या. पण आत जाताना हसत होत्या, ते मी बघितलं.

नवऱ्याची सुट्टी संपली, तो गेला. त्यानंतर तीनचार दिवसांनी मी मशीनवर बसले होते, तर मामा खिडकीतून म्हणाले, "पोरी, तुझ्या मशीनला तेल घाल."

त्यांनी मला पोरी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी लगेच उठले, सगळ्या भोकांतून दोन दोन थेंब सोडले, चाक फिरवून बघितलं. मशीन अगदी लोण्यासारखं चालत होतं.

दुसऱ्या दिवशी परत तेच. "अजून चिवचिवतंय. टुविट टुविट करतंय. आतलं काय तरी झिजलं असंल."

मी पायडलवरचा पाय काढला. "आता, मामा?"

"आता बी वाजतंय."

"मशीन बंद आहे."

त्यांनी मान तिरकी करून परत ऐकलं. मग कानातलं मशीन काढून तळहातावर घेतलं. "आता न्हाई वाजत." परत कानात घातलं. "आता वाजतंय." मग मोठा शोध लागल्यासारखे म्हणाले, "तुझं मशीन ठीक हाय. माझं बिघडलंय."

मला खरंच काही ऐकू येत नव्हतं. मी तसं सांगितलंही. "काहीच आवाज नाही, मामा. सगळं शांत आहे." त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं.

फौजी माणूस. त्यांनी तक्रार तोंडी केली नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं आठ दिवसांची नोंद ठेवली. सकाळी साडेसहा ते साडेआठ, शिट्टी. दुपारी बारा ते तीन, बंद. चारला परत सुरू. रात्री पूर्ण बंद. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "चल साताऱ्याला. मला कोन काय बोललं तर समजायला तू पायजेस."

रहिमतपूरवरून एस.टी.नं गेलो. गाडीच्या खडखडाटात त्यांनी मशीन काढून रुमालात बांधून ठेवलं होतं, त्यामुळं जाताना बोलणं झालं नाही. दवाखान्यात कानाच्या विभागात एक तरुण मुलगी होती. तिनं त्यांना बंद खोलीत बसवलं, आवाज सोडून बघितले, मशीन कॉम्प्युटरला लावून तपासलं. शिट्टी काही सापडेना.

"मशीन एकदम चांगलं आहे, बाबा."

मामांनी खिशातून कागद काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं तो सावकाश वाचला. मग माझ्याकडं बघत म्हणाली, "ताई, हे मशीन दुपारी झोपतं का?"

मी वाकून कागदावरचं "बारा ते तीन, बंद" वाचलं.

"घरापाशी झाड आहे?"

"आहे की. लिंबोणी आहे."

"मग एकदा झाडाकडं बघा." तिनं हसू आवरत मामांना मशीन परत दिलं. "बाबा, तुम्हाला एकाच कानानं ऐकू येतंय. एका कानाला आवाज कळतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. त्याला दोन कान लागतात. म्हणून तुम्हाला सगळं मशीनमध्येच वाजतंय असं वाटतं."

मामांना ते फारसं पटलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "मी मशीनची तक्रार घेऊन आलोय आन् ही झाडाचं इचारती." स्टँडवर मी त्यांना उसाचा रस पाजला, तेव्हा कुठं ते जरा निवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी करायला बसणार, तोच ओट्यावरून हाक आली. "पोरी, भायेर ये."

ते उभे होते, लिंबोणीकडं तोंड करून. "हे बघ. मला ऐकू येतंय, पन जागा गावत न्हाई. तुला जागा गावंल, पन तुला ऐकू येत न्हाई. वाजलं की मी बोट वर करतो. तू बघ."

मी पदराला हात पुसत उभी राहिले. मामांचं बोट वर गेलं.

आणि त्या क्षणाला मला ऐकू आलं. टुविट, टुविट, टुविट, टुविट. बारीक बिरीक काही नाही, चांगला खणखणीत आवाज. भोंग्याएवढा मोठा वाटला मला. मी अक्षरशः शरमले. माझ्या खिडकीपासून दोन हातांवर हे रोज ओरडत होतं आणि मी मामांना छातीठोकपणे सांगितलं होतं की काहीच आवाज नाही.

बोट खाली आलं. परत वर गेलं. पानांत काहीतरी हललं. अंगठ्याएवढं पाखरू, पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी, शेपूट सरळ वर उभी. एवढ्याशा जिवाचा गळा ओरडताना नुसता थरथरत होता.

"तिथं, मामा. वाळलेल्या काटकीच्या खाली. डावीकडं."

मामा वाकले. डोळे बारीक केले. मग त्यांच्या तोंडावर जे आलं, ते मी कधी विसरणार नाही. शाळेतला जुना सोबती बाजारात अचानक भेटावा तसं.

"आरं तुझ्या! शिंपी! शिंपी हाय गं ह्यो!"

मी कपाळावर हात मारला. "शिंपी?"

"पानाला पान शिवतो. आत घर करतो. तुझ्या धंद्यातला हाय." आणि ते इतके मोठ्यानं हसले की आत्या हातातलं पीठ न झाडता बाहेर आल्या.

नंतर आम्ही ते घरटं शोधून काढलं. दोन पानं कडेकडेनं टोचून जोडलेली. टाक्यांत कापूस होता, कोळ्याचं जाळं होतं आणि एका ठिकाणी माझ्या दुकानातला, म्हणजे त्या खिडकीतल्या कचऱ्यातला, केशरी दोरा होता. कुणाच्या तरी ब्लाऊजचा. मी तो टाका बराच वेळ बघितला. गाठ मारलेली नव्हती, पण दोरा सुटतही नव्हता.

त्या दिवशी मामा बोलले. खूप वेळ बोलले. नोकरीत असताना कान कसे गेले ते सांगितलं. एकदम नाही गेले. आधी बारीक आवाज गेले. एका सुट्टीत घरी आले, तर बुलबुल गप्प. पुढच्या सुट्टीला होला गप्प. शेवटी बांधावरचा कुंभारकावळा तेवढा राहिला होता, त्याचं ते खोल ऊप ऊप ऊप. "आन् एक वर्सी त्यो बी थांबला," मामा म्हणाले. "मला वाटलं, पिकावर औषधं मारत्यात, त्यात समदी पाखरं मेली. मी कुनाला इचारलं बी न्हाई. मेली तर मेली म्हटलं."

"जिवंत आहेत सगळी, मामा."

"व्हय की. मीच न्हवतो."

आमची कवायत मग रोजचीच झाली. सकाळी चहा झाला की मामा बोट वर करायचे आणि मी बघायची. मला पक्ष्यांतलं काही येत नव्हतं. माझं बालपण सांगलीत, दाट वस्तीच्या गावभागात गेलं. चिमणी, कावळा, पोपट आणि मोर एवढी माझी विद्या, ती पण शाळेतल्या तक्त्यावरची. मामांना नावं यायची, पण कित्येक वर्षांत आवाज ऐकलेले नव्हते, त्यामुळं तेही चुकायचे. दोघं मिळून एक धड विद्यार्थी होत होतो.

त्यांनी एक नियम घातला. नाव नंतर. आधी पाखरू काय म्हणतंय ते सांगायचं. टिटवीचं त्यांनी लगेच ठरवून टाकलं. ती रात्रीची पहारेकरी, कुणाची चाहूल लागली की "कोन हाय रं? कोन हाय रं?" असं दरडावते. तांबट मला जड गेला. शेजारी कुणीतरी भांडं ठोकतंय असं मी दोन दिवस समजत होते. टुक, टुक, टुक, न थांबता, दम न घेता. तो उंबरावर सापडला, हिरवा, कपाळावर लाल टिळा. मामा म्हणाले, "ह्यो मार्चिंग करतोय. एक दोन एक." सातभाईंचा कलकलाट मात्र मी ओळखला. म्हटलं, "ही आमच्या बचत गटाची मीटिंग." मामांनी मान डोलावली. "बरोबर. समदी बोलत्यात, ऐकत कुनी न्हाई."

पाटाकडच्या बाभळीवरचा कोतवाल, शेवग्याच्या फुलातला शिंजीर, विजेच्या तारेवरचा वेडा राघू. एकेकाला आठ आठ दिवस लागले. दयाळ मला अजून पुरता कळला नाही, कारण तो रोज नवीनच काहीतरी गातो.

दयाळावरून आठवलं. पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगणारं एक ॲप मी फोनमध्ये घेतलं होतं. मामांचा त्याच्यावर विश्वास बसेना. म्हणाले, आधी त्याची परीक्षा घेऊ. फोन ओट्यावर ठेवला आणि त्यांनी स्वतः एक लांब, वळणं घेतलेली शीळ घातली. फोननं जरा विचार केला आणि इंग्रजीत एक नाव दाखवलं. मी ते शोधून काढलं.

"काय म्हनतंय?"

"दयाळ म्हणतंय, मामा."

ते दिवसभर खुशीत होते. गावात जो भेटेल त्याला सांगत होते. ॲप मात्र त्या दिवसापासून मी वापरायचं सोडून दिलं.

आत्यांना हे सगळे थेर वाटायचे. "इतकी वर्सं माझ्याशी बोलला न्हाई ह्यो मानूस आन् आता पाखरांपुढं तोंड उघडलंय," असं शेजारणीला सांगायच्या. एकदा चिंचेवरून एक लांबलचक शीळ आली, शेवटी टुपकन खाली पडणारी. मामा म्हणाले बुलबुल, मी म्हटलं दयाळ. आमचा वाद चांगलाच रंगला. स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता आत्या ओरडल्या, "आवं, पिवळं पाखरू हाय ते! पंख काळं. पानांत दडून बसतंय. भुईमूग भांगलायच्या टायमाला लय बोलतंय."

आम्ही बघितलं. पिवळंच होतं. पक्ष्यांच्या एका पुस्तकात नंतर त्याचं नाव सापडलं, सुभग.

"तुमाला कसं ठावं?" मामांनी विचारलं. बायकोला तुमी म्हणाले, एवढे चकित झाले होते.

"जलमभर रानात कोन व्हतं?" आत्या म्हणाल्या. "मला समदी येत्यात. मला कुनी इचारलं व्हतं का?"

त्या दिवसापासून अडलं की आम्ही स्वयंपाकघराकडं बघायला लागलो. पण एका पक्ष्यानं आत्यांनाही हरवलं. तो फक्त मामांना ऐकू यायचा. सकाळी उठल्यावर, तीन बारीक सूर, टिंग टिंग टिंग, आणि गप्प. अर्ध्या तासानं परत. मामा बोट वर करायचे आणि मी मान मोडेपर्यंत झाड न् झाड बघायची. काही नाही.

"परत वाजला. बघ!"

"नाही दिसत, मामा."

"नजर मंद झाली तुझी. बारीक कामं करून करून."

गंमत म्हणजे तो रोज यायचा नाही. आठ-दहा दिवसांनी एकदा यायचा, एखादा दिवस राहायचा आणि जायचा. मामांनी परत कॅलेंडरची पाठ काढली, नोंद ठेवली. लांबून येणारं पाखरू असावं, दिवस ठरवून येतंय, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. मी आंब्यावर चढायची तेवढी बाकी राहिले होते.

तिसऱ्या खेपेला तो पक्षी दुपारपर्यंत बोलला आणि शेवटच्या सुरासरशी मामांचं मशीन बंद पडलं. मी नवीन बॅटरी घालायला पेटी उघडली, तर तळाशी घडी घातलेली माहितीची चिठ्ठी होती. कुणी वाचलीच नव्हती. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं, बॅटरी संपत आली की मशीन तीन वेळा वाजतं.

मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. मामा चिठ्ठीकडं बघत राहिले. आत्या दारात उभ्या होत्या. त्यांना आधी कळलं नाही, मग कळलं आणि त्या उंबऱ्यावर बसल्या त्या हसून हसून उठेचनात. मामा गंभीरपणे मला म्हणाले, "सातारच्या त्या पोरीला ह्यातलं काय सांगू नगंस." मग त्यांनाही हसू फुटलं.

पुढं दिवाळीला मी आठ दिवस सांगलीला माहेरी गेले. आमचं घर जुन्या भागात, कृष्णेचा घाट जवळ. वरच्या गच्चीवरून नदीकाठची झाडं दिसतात. पहिल्याच पहाटे मला जाग आली ती आवाजांनी. पोपट, बुलबुल, घार, त्यात मधूनच खंड्याचं ते खदखदून हसल्यासारखं ओरडणं. मी आईला म्हटलं, "एवढे पक्षी कधीपासून यायला लागले इथं?"

"कधीपासून म्हणजे?" आई म्हणाली. "तू पाळण्यात होतीस तेव्हापासून आहेत."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तोच फोन वाजला. आत्यांचा नंबर. मी घाबरूनच उचलला. मामा होते. त्यांनी मला कधीच फोन केला नव्हता. ते कुणालाच करत नसत.

"पोरी, ऐकू येतंय का?"

"येतंय, मामा. सगळं ठीक आहे ना?"

"ठीक हाय. ही म्हनली स्पीकर लावून बोला. म्हनून लावलाय. तिकडं काय वाजतंय?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग मी फोन नदीच्या बाजूला धरून हात लांब केला. नेमका खंड्या ओरडला.

"खंड्या," मामा तिकडून म्हणाले. "सोपं हाय. अवघड ऐकव काय तरी."

पाण्याच्या टाकीवर एक करडं-पांढरं पाखरू शेपूट खालीवर आपटत चालत होतं. धोबी. थंडी सुरू झाली की येतात, हे मला आत्यांनी सांगितलं होतं. मी हळूहळू जवळ गेले, फोन पुढं केला. तो चिझिक चिझिक करत उडाला आणि पुढच्या कठड्यावर बसला.

"आलं का, मामा?"

"न्हाई. लय बारीक हाय. फोनमधनं येत न्हाई. तूच म्हनून दाखव."

मी आजूबाजूला बघितलं. समोरच्या गच्चीवर एक आजी तुळशीला पाणी घालत होत्या. खालच्या बोळातून दूधवाला चालला होता. मी घसा साफ केला.

"चिझिक," मी म्हटलं.

"मोठ्यानं."

"चिझिक! चिझिक!"

आजींचा तांब्या हातातच राहिला. जिन्यात आई येऊन उभी होती, हातात चहाचा कप.

"कोणाशी बोलतेस?" तिनं विचारलं.

"सासऱ्यांशी."

आईनं कप कठड्यावर ठेवला आणि ती तिथंच खुर्ची ओढून बसली. फोनमध्ये मामा आणि आत्या यांचा आपसात वाद चालला होता. आत्या "धोबी, धोबी" म्हणत होत्या आणि मामा म्हणत होते, "तू सांगू नगंस, मला ओळखू दे." मग ते मला म्हणाले, "आनखी एकदा म्हन."